कानावरची काडी

आप्पांचे गुडघे दुमडले, तेव्हा पुकाऱ्यातला आकडा त्यांच्या तोंडातून अर्धाच बाहेर आला होता.

मी जेवणाचा डबा घेऊन, नेहमीप्रमाणे वेळेच्या बराच आधी, सांगलीच्या हळद बाजारातल्या त्या अडत दुकानाच्या उंबऱ्याशी उभा होतो. माघ महिना होता. नव्या हळदीची आवक सुरू झाली होती. फोडलेल्या पोत्यांवरून उठणारा पिवळा धुरळा छताच्या फटींतून उतरणाऱ्या उन्हात असा तरंगत होता, की ऊन कुठे संपते आणि हळद कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये. त्या धुरळ्याच्या मधोमध, पोत्यांच्या थप्पीवर, आप्पा उभे होते. डोईला टॉवेल, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, कानावर नेहमीची काडी, आणि एक हात हवेत. खाली खरेदीदारांचा घोळका.

“आठ हजार दोनशे, दोनशे, आठ हजार तीन—”

एवढे म्हणून ते खाली बसले. पडले नाहीत, बसले. उंट बसतो तसे, टप्प्याटप्प्याने.

“काय रेवाण्णा, माल बघून पाय गळालं व्हय?” घोळक्यातून कोणी ओरडले. हशा पिकला.

“तुझा दर ऐकून गळालं,” आप्पा बसल्या जागेवरून गरजले. “बोला, तीनशेच्या म्होरं बोला. का नुसती अंगाला हळद लावून घेऊन घरी जाताय, नवरदेवागत?”

हशा वाढला. तो सौदा त्यांनी बसूनच पुरा केला. पण पुढच्या राशीकडे नेण्यासाठी दोन हमालांनी त्यांच्या काखेत हात घातले, आणि तरीही त्यांचे पाय जमिनीवरून ओढत गेले, तेव्हा हसणारे गप्प झाले होते.

माझे वडील रेवणसिद्ध हिंगमिरे बाजारात सौदे पुकारत. त्यांचा आवाज त्या पेठेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाई, आणि वाटेत कुठेही पातळ होत नसे. आमच्या घरात मात्र तो आवाज जवळजवळ नव्हताच. पुकारा शिकवणाऱ्या वस्तादांनी तरुणपणीच त्यांना सांगून ठेवले होते, की गळा हा रांजणासारखा असतो. घरी सांडलास तर बाजारात कोरडा पडशील. आप्पांनी ते अक्षरशः पाळले. आधी हंगामापुरते, मग बारमाही. पूर्वी व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून दर ठरवीत. ती बोटांची भाषा आप्पांनी घरी आणली होती. एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा, मूठ म्हणजे भाकरी, आणि उताणा तळहात म्हणजे पुरे. मला बोलवायचे असले की तर्जनी आकड्यासारखी वाकवीत. माझे नाव शशिधर. ते त्यांच्या आवाजात कसे वाटते, हे मला ठाऊक नव्हते.

त्या वेळी मी चोवीस वर्षांचा होतो आणि एका सार्वजनिक वाचनालयात साहाय्यक होतो. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत शांतता राखण्याचा मला पगार मिळे. घरी ती फुकट मिळे.

आप्पांचा रक्तदाब वाढला आहे हे दिवाळीत कळले होते. मिरजेच्या एका रुग्णालयातल्या डॉ. तस्नीम मुजावर यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यांतली एक पाण्याची गोळी, म्हणजे अंगातले जादा पाणी लघवीवाटे काढून टाकणारी. दाब उतरेना, तेव्हा ती त्यांनी वाढवली. संक्रांतीनंतर आप्पा जिना चढताना कठडा धरू लागले, आणि आता हे झाले होते.

डॉक्टरांनी त्यांना दाखल करून घेतले. रक्त तपासल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावले.

“पोटॅशियम फार उतरलंय. स्नायूंचं बळ त्याच्यावर असतं. पायांचं मला एवढं भय नाही, शशिधर. पण हृदय हाही स्नायूच आहे. एखादा ठोका चुकला तर...”

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मी मान हलवली. माझ्या आयुष्यातली बहुतेक महत्त्वाची वाक्ये मी अशी मान हलवूनच स्वीकारली होती.

शिरेतून क्षार चढवले गेले. आठवड्याभरात आप्पा वॉर्डातून चालू लागले, दाबही थोडा उतरला. आम्ही आनंदाने घरी आलो. आप्पा बाजारात गेले. आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच पाय पुन्हा जड झाले, दाब चढला, बोटातली अंगठी रुतू लागली.

पलीकडच्या गल्लीत राहणारी माझी थोरली आत्या, शांताक्का, समाचाराला आली आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, “दवाखान्यात बरा, घरात आजारी. मग रोग घरातच असंल की! आमच्या गौरव्वाच्या हाताला मीठ पयल्यापासनंच सैल.”

गौरव्वा म्हणजे माझी आई. आम्ही तिला अव्वा म्हणत असू. आत्यासमोर तिने नुसता कप उचलून आत नेला. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या आमटीत, भाकरीत, चटणीत मीठ नावाला उरले नाही. समुद्र आटून गेलेल्या किनाऱ्यासारखे ते जेवण आम्ही तिघे जेवत होतो. आप्पांचा दाब होता तिथेच होता.

मला त्या दिवसांत भीतीपेक्षा कुतूहल अधिक वाटत होते, हे आज सांगताना थोडे विचित्र वाटते. अनोळखी लिपीतले पुस्तक हाती यावे तसा मी आप्पांकडे पाहत राही. रुग्णालय आणि घर यांत असा कोणता फरक असेल? पाणी? चुलीचा धूर? हळदीचा धुरळा? आप्पा तर आयुष्यभर त्या धुरळ्यात उभे होते. मग हे आताच का? माणसाच्या अंगात काय काय जाते, आणि आत गेल्यावर ते एकमेकांना कुठे भेटते, याचा विचार करीत मी वाचनालयात पुस्तके उलट्या बाजूने लावून ठेवी.

एका संध्याकाळी आप्पांनी गोळ्यांच्या पट्ट्या माझ्यापुढे सरकवल्या आणि तळहात उताणा केला. पुरे.

“असं एकदम बंद करायचं नाही, आप्पा. डॉक्टरांनी बजावलंय.”

त्यांनी आजूबाजूला पाहिले, जणू आवाज चोरून खर्च करायचा होता, आणि कुजबुजले, “गोळीनं पाय नेलं. पाडव्यापतोर उभा ऱ्हायलो न्हाई, तर शेट भोंगा बशिवणार हाय. कुणीबी पोरगं त्यात पुकारंल. मग मला कोण इचारतंय?”

अव्वा दारात उभी होती. तिने पट्ट्या उचलल्या आणि पदरात बांधल्या. “भोंग्याला कुकू लावून मी संसार करू काय? उद्या मिरजंला जायचं,” ती म्हणाली.

डॉ. मुजावर यांनी नवा अहवाल वाचला आणि बराच वेळ पेन दातांत धरून ठेवले. मग म्हणाल्या, “परवा या. येताना यांच्या पोटात जे जे जातं ते सगळं पिशवीत भरून आणा. औषध असो की नसो.”

अव्वाने पिशवी भरली, ती लढाईला निघाल्यासारखी. डॉक्टरांच्या टेबलावर तिने पहिल्यांदा मिठाचा डबा आदळला.

“बाई, हे पयलं बघा. संकरातीला डबा भरला, अजून काठाला हाय. नणंद म्हणती माझ्या हाताला मीठ सैल!”

“मावशी, मी मिठाचा पंचनामा करायला नाही बसले.”

“कुणीतरी करा की. घरात माझ्या बाजूचा वकील न्हाई.”

आप्पांनी ओठांवर बोट ठेवले.

“हां, आता हे मला गप करणार,” अव्वा डॉक्टरांकडे वळून म्हणाली. “बाजारात साऱ्या गावावर वराडायचं, आन् घरात बोटं नाचवायची. मुक्याशी लगीन लावलं असतं, तर निदान बाजारात तरी शांतता ऱ्हायली असती.”

डॉक्टर हसल्या, पण त्यांची नजर पिशवीवर होती. गूळ, शेंगदाण्याची चटणी, ओवा, लोणचे, दंतमंजन, त्रिफळ्याची पुडी, सर्दीचा काढा. एकेक वस्तू त्या उचलून पाहत, हुंगत, बाजूला ठेवत. त्रिफळ्यापाशी थबकल्या.

“हे रोज घेतात? जुलाब होतात?”

“म्हैन्यातनं एकदा. ते बी मी मागं लागले तर.”

त्यांनी पुडी ठेवून दिली. पिशवी रिकामी झाली होती. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि फरार माणसाचा पत्ता विचारावा तसे आप्पांना म्हणाल्या, “मग तुमचं पोटॅशियम जातंय तरी कुठे, हिंगमिरे काका?”

आप्पांनी दोन्ही रिकामे तळहात दाखवले.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसताच आप्पांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. एक काडी काढली, टॉवेलाने पुसली, तिचे टोक दाढेखाली धरून चावले, रस गिळला, आणि काडी कानावर ठेवली. सुतार पेन्सिल ठेवतो तशी. रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना ती खिशात जाई आणि उतरताना कानावर येई; देवळात शिरताना चपला काढाव्यात तसे ते होते. दवाखान्यात कानावर काडी बरी दिसत नाही, असा अव्वाचा दंडक होता.

मी ते जन्मभर पाहत आलो होतो. वाचनालयात माझ्या टेबलासमोर एक घड्याळ होते. त्याच्या तबकडीवरचे आकडे देवनागरी की रोमन असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. पण त्या दिवशी माझ्या मांडीवर ती पिशवी होती, आणि पिशवीने मला पाहायला शिकवले होते.

“आप्पा, ही काडी पिशवीत का नाही घातली?”

तुमचे नाक पिशवीत का नाही घातले, असे मी विचारल्यासारखे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“ते काय खायाचं हाय व्हय?” अव्वा म्हणाली. “गळ्याचं हाय ते. जेष्टमध. यांचं वस्ताद बी चगळायचं.”

“रस गिळता ना, आप्पा?”

मान हलली.

“दिवसाला किती काड्या?”

त्यांनी थोडा विचार केला आणि मूठ वळून दाखवली. त्यांच्या भाषेत मूठ म्हणजे भाकरी. पण इथे ती मूठच होती. मूठभर.

“पहिल्यापासून एवढ्या?”

आधी दोन बोटे, मग पुन्हा मूठ. आता धाप लागते, गळा लवकर सुकतो, असे त्यांनी छातीवर आणि कंठावर हात फिरवून सांगितले.

“आणि इथे दाखल होतात तेव्हा?”

“हितं?” ते कुजबुजले. “हितं कुणाला पुकारायचं हुतं?”

मी उठलो. डॉक्टरांच्या दाराशी रांग होती आणि स्टुलावर एक शिपाई.

“नंबर?”

“आमचं झालंय, फक्त एक गोष्ट विचारायची...”

“मग नवा नंबर घ्या.”

“दोन मिनिटंच...”

“झालं न्हवं तुमचं?” लेकरू कडेवर घेतलेली एक बाई म्हणाली. “आता काय मुक्काम करताय काय?”

रांगेत हसू पसरले. एरवी मी मान हलवून मागे फिरलो असतो. फिरलोही. आणि व्हरांड्याच्या टोकाला आप्पा दिसले: उठण्यासाठी बाकावर दोन्ही हात रोवलेले, आणि उठता येत नाही म्हणून, कोणी पाहत नाही ना, हे पाहणारे.

“डॉक्टर! ज्येष्ठमध!”

सारा व्हरांडा वळला. मीही वळलो असतो, कारण तो आवाज माझा आहे हे मला उशिरा उमगले. शेवटच्या अक्षरावरची ती ओढ, तो भरीव खर्ज, वाटेत कुठेही पातळ न होणारा. बाकावर आप्पा उठण्याचे विसरून माझ्याकडे बघत राहिले होते.

दार उघडले. “काय म्हणालात?” डॉ. मुजावर दारातच उभ्या होत्या.

आम्ही पुन्हा आत गेलो, या वेळी काडी कानावर ठेवूनच. डॉक्टरांनी ती हातात घेऊन दातांचे ठसे पाहिले. किती, कधीपासून, रस गिळता की थुंकता, असे विचारले. मग कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढून त्या उभ्या उभ्याच वाचू लागल्या. मी त्यांच्या बोटाकडे पाहत होतो. ते एका ओळीवर थांबले, मागे गेले, पुन्हा त्याच ओळीवरून फिरले.

“काका,” त्या शेवटी म्हणाल्या, “ज्येष्ठमध अंगात मीठ आणि पाणी कोंडून ठेवतं, आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. कधीमधी काडी चघळली तर काही नाही. तुम्ही रोज, वर्षानुवर्षं. कदाचित तुमचा दाब त्यानंच चढला असेल. तो उतरवायला मी पाण्याची गोळी दिली. तीही पोटॅशियम बाहेर काढते. एका दारानं तुमची काडी, दुसऱ्या दारानं माझी गोळी. दाब उतरेना म्हणून मी गोळी वाढवली. धाप लागते म्हणून तुम्ही काडी वाढवली.”

त्यांनी ग्रंथ मिटला.

“औषधं कोणती घेता, हे मी दर खेपेला विचारलं. तोंडात काय धरता, हे विचारायला हवं होतं.”

अव्वाने पिशवीतून मिठाचा डबा बाहेर काढला. मग तिने विचारले, “म्हंजे मीठ न्हाई?”

“मीठ आहेच, मावशी. पण तुमच्या डब्यातलं नाही. यांच्या अंगात कोंडलेलं.”

अव्वाने मिठाच्या डब्याचे झाकण असे दाबून बसवले, की त्याचा आवाज पलीकडच्या गल्लीत शांताक्काला ऐकू जावा.

आप्पांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून डॉक्टरांपुढे धरली. चिमूटभर?

“चिमूटभरही नाही,” डॉक्टर म्हणाल्या. एवढ्यात त्यांनाही ती भाषा येऊ लागली होती.

आप्पांनी काडी हातात घेतली. तिच्याकडे पाहिले. मग माझ्या मांडीवरच्या पिशवीचे तोंड उघडून ती आत टाकली.

गोळ्या बदलल्या, पोटॅशियमचे कडवट औषध सुरू झाले. ज्येष्ठमधाचा अंमल अंगातून उतरायला काही आठवडे लागतील असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि तसेच झाले. होळीपर्यंत अंगठी बोटात फिरू लागली. पाडव्याच्या आधी आप्पा कठडा न धरता जिना चढले. वर पोचल्यावर त्यांनी खाली उभ्या असलेल्या अव्वाला दोन बोटे दाखवली, आणि तिने डोळे पुसत चहा ठेवला. गूळ घातला, आणि गोंधळून चिमूटभर मीठही.

पाडव्यानंतरच्या पहिल्या सौद्याला मी रजा काढून गेलो. आप्पा कोणाचा हात न धरता थप्पीवर चढले. कान मोकळा होता. खिशात खडीसाखर होती, कोपऱ्यात कोमट पाण्याचा तांब्या. त्यांनी हात उचलला आणि आवाज सोडला, आणि तो पूर्वीसारखाच पेठ ओलांडून गेला. मी उंबऱ्याशी डोळे मिटून उभा राहिलो.

दुपारपर्यंत तो टिकला. मग धुरळ्यात तो विरू लागला, जुने लुगडे विरते तसा. आधी काठाला, मग मधोमध. एका आकड्यावर तो सरळ फाटला.

“रेवाण्णा, कोंबडं गिळलं काय?” कोणी ओरडले.

आप्पा हसले. पुन्हा आवाज काढू पाहिला, नुसता वारा आला. अडत दुकानाचे शेठ गादीवरून अर्धे उठले. तेव्हा आप्पांनी हात वर केला आणि बोटे उघडली. घोळक्यातल्या पांढऱ्या मिशांच्या एका व्यापाऱ्याने ती वाचली, आणि उत्तरादाखल आपली बोटे उचलली. मग दुसऱ्याने. तरुण खरेदीदारांना आपल्या थोरल्यांचे कोपर धरून अर्थ विचारावा लागत होता. उभ्या जन्मात प्रथमच ती पेठ माझ्या वाचनालयाइतकी शांत झाली, आणि त्या शांततेत तो सौदा पुरा झाला. तो त्यांनी केलेला शेवटचा सौदा. पुढल्या आठवड्यात दुकानात भोंगा आला. आप्पा राहिले ते हळदीचे पारखी म्हणून. हळकुंड मोडून, आतला रंग पाहून ते माल सांगत, आणि त्याला आवाज लागत नसे.

पण हे पुढचे. त्या संध्याकाळी मी घरी सोप्यात बसून वाचत होतो. कोणीतरी घोगऱ्या, गंजलेल्या आवाजात म्हणाले, “शशी.”

दारात कोणी पाहुणा आला असावा असे वाटून मी बाहेर जाऊन पाहिले. कोणी नव्हते.

“शशी! बाहीर कुठं? हितं ये.”

आप्पा माजघरात भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्यासमोर बसण्याची मला सवय होती. त्यांचे ऐकण्याची नव्हती. कुठे पाहावे ते कळेना.

“त्या दिवशी दवाखान्यात वराडलास. ते कुठनं शिकलास?”

“कुठूनच नाही, आप्पा.”

“खोटं बोलू नगंस. डबा बाराला द्यायचा, तू साडेदहालाच दारात उभा ऱ्हायचास. साळंत हुतास तवापासनं. मी वरनं बघायचो की.”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. मी आणलेला डबा नेहमीच थंड का असतो, हे त्यांनी अव्वाला कधी सांगितले नव्हते.

“तू दिसलास की,” ते खाली बघत म्हणाले, “जरा जोरात पुकारायचो.”

स्वयंपाकघरातून अव्वाचा आवाज आला, “बोला, बोला. आता कुणासाठी राखून ठेवताय? जन्माचं साठलंय रांजणात.”

आणि आप्पा बोलू लागले. वस्तादांविषयी, वायगावच्या आणि राजापुरी हळदीच्या वासांविषयी, मी जन्मलो त्या रात्री बाजारात आलेल्या पुराच्या पाण्याविषयी. आवाज फाटका होता, मधूनच निसटत होता. बोलता बोलता त्यांचा हात कानाकडे जाई, तिथे काही सापडत नसे, आणि ते पुन्हा बोलू लागत.